मदत हवी आहे: लहान मातीच्या धरणाचा सांडवा नेमक्या कोणत्या पुरासाठी धरायचा?

नमस्कार. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. संगमनेरच्या पठार भागातल्या एका ओढ्यावर लघु पाटबंधारे तलाव कसा बसेल, हा आमच्या गटाचा प्रोजेक्ट आहे. बांधकाम होणार नाही, पण जागा खरी आहे आणि ओढ्याच्या खाली दीडेक किलोमीटरवर वस्ती आहे. त्यामुळे आकडा नुसता मार्कांपुरता काढावा असं वाटत नाही.

माहिती देते. पाणलोट क्षेत्र ४० चौ.कि.मी., ओढ्याची लांबी ११ कि.मी., तेवढ्यात एकूण उतार २२० मीटर. साठा २ दलघमी (दशलक्ष घनमीटर), पाण्याची उंची साधारण ११ मीटर. पूर्ण संचय पातळीला बुडीत क्षेत्र ४० हेक्टर. सांडवा डाव्या अंगाच्या खिंडीत, बिनदाराचा, रुंद माथ्याचा. खिंडीत जास्तीत जास्त ९० मीटर लांबी मिळते. त्यापुढे कठीण कातळ आहे.

जवळच्या पर्जन्यमापकाची ३० वर्षांची एकदिवसीय कमाल पावसाची नोंद मिळाली. सरासरी ८० मि.मी., प्रमाण विचलन २७. गुम्बेलच्या सांख्यिकी पद्धतीने १०० वर्षांतून एकदाचा पाऊस १७९ मि.मी. आला. किर्पिचच्या सूत्राने संकेंद्रण काल (सर्वांत दूरचं पाणी धरणाशी यायला लागणारा वेळ) १.९ तास. हवामान खात्याच्या घनमूळ सूत्राने त्या वेळातला पाऊस ७७ मि.मी., म्हणजे तासाला सुमारे ४० मि.मी. अपधाव गुणांक (पावसातला वाहून येणारा वाटा) ०.५ धरून रॅशनल पद्धतीने (गुणांक, पावसाचा जोर आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराने) पूर विसर्ग २२५ क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद).

मग पुरासाठीचं इंग्लिसचं सूत्र लावलं, १२४ गुणिले क्षेत्र भागिले (क्षेत्र अधिक १०.४) चं वर्गमूळ. उत्तर ६९९ क्युमेक! डिकन्सच्या पूर-सूत्रात गुणांक १४ घेतला तर २२३ आणि २८ घेतला तर ४४५.

सांडव्यावर दीड मीटर पाणी धरलं तर २२५ क्युमेकला ७२ मीटर लांबी पुरते. ६९९ ला २२४ मीटर लागते, ती खिंडीत मिळणं शक्यच नाही. गाईड सर म्हणतात, महाराष्ट्रात इंग्लिसच वापरतात, तेच घ्या. गटातली मुलं म्हणतात, २२५ घेऊन मोकळे होऊ, व्हायवात कोण विचारतंय. मला गुजरातमधल्या मोरबीचं मच्छु-२ धरण आठवतं. ११ ऑगस्ट १९७९ ला मातीच्या भरावावरून पाणी गेलं आणि धरण फुटलं, कारण आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त होता. तेव्हा कमी आकडा नुसता सोयीचा म्हणून घ्यायला मन धजत नाही. चारांतला कोणता आकडा घ्यावा, आणि का?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं लघु पाटबंधाऱ्यात होतो. माहिती व्यवस्थित दिलीस, म्हणून सविस्तर लिहितो.

हे चार आकडे एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. तुझ्या २२५ ला १०० वर्षांची वारंवारता जोडलेली आहे. इंग्लिसच्या आकड्याला वारंवारताच नाही. जुन्या मुंबई इलाख्यातल्या नद्यांचे मोठे पूर आलेखावर मांडून त्यांच्या वरून काढलेली ती मर्यादारेषा आहे, तीही मुख्यतः सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी. पंख्यासारख्या पाणलोटात सगळ्या फाट्यांचं पाणी जवळपास एकाच वेळी मुखाशी येतं. तुझं क्षेत्र ११ कि.मी. लांब आणि सरासरी साडेतीन कि.मी. रुंद, शिवाय पर्जन्यछायेत. तिथे ६९९ हा नेहमीचा अपेक्षित पूर नाही. पण म्हणून तो आकडा फेकूनही द्यायचा नाही, त्याचं काम पुढे आहे.

आधी २२५ बघ. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतात. रात्री सुरू होऊन सकाळी नऊ-दहापर्यंत चाललेला पाऊस दोन दिवसांच्या नोंदीत विभागला जातो. म्हणून एकदिवसीय पावसाला साधारण १.१३ ने गुणून खरा २४ तासांचा पाऊस काढतात. ते केलंस की विसर्ग २५४ होतो आणि दीड मीटरला ८१ मीटर लांबी लागते, म्हणजे खिंडीत बसतं. अपधाव गुणांक ०.५ का, हे मात्र मातीचा प्रकार आणि जमिनीचा वापर दाखवून सिद्ध कर. ०.६ धरलास तर काय होतं तेही मांड, कारण सर्वांत जास्त शंका तिथेच आहे.

आयएस ११२२३ (१९८५) या भारतीय मानकाप्रमाणे साठा ०.५ ते १० दलघमी आणि पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर असेल तर ते लहान धरण, त्याला १०० वर्षांचा पूर पुरतो. तुझा तलाव त्यात बसतो. पण धरण फुटल्यास धोका विशेष मोठा असेल तर अधिक पूर धरावा, असंही तीच संहिता सांगते. तुझ्याकडे खाली वस्ती आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार सर. १.१३ चं कारण कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. एक विचारू का? पूर तलावातून जाताना उच्चांक कमी होतो ना? १.९ तासांच्या पावसाचं घनफळ १.७४ दलघमी येतं आणि दीड मीटर चढावाचा साठा ०.६ दलघमी. मग सांडवा लहान करता येईल?

प्रतिसाद १

करू नकोस. हा हिशेब सुटा दोन तासांचाच पाऊस पडला तर खरा. १०० वर्षांतून एकदाच्या पावसाच्या दिवशी २०० मि.मी. पडतो, म्हणजे निम्मा वाहिला तरी ४ दलघमी पाणी. जोराची सर शेवटी आली तर तलाव तोवर सांडव्यावरून वाहत असतो आणि ०.६ मधला बराच भाग आधीच भरलेला असतो. रूटिंग (तलावातून जाताना पूर किती कमी होतो त्याचा हिशेब) जरूर कर, पण २४ तासांच्या पूर्ण पर्जन्यवितरणावर, आणि मिळालेली घट राखीव म्हणून ठेव.

आता ६९९ चं काम. खिंडीत ९० मीटर मिळतात तर ९० च घे. सांडव्याचा विसर्ग गुणांक १.७ धरून २५४ ला पाणी १.४ मीटर चढेल. धरणाचा माथा सांडव्याच्या माथ्यापेक्षा ३ मीटर उंच ठेव. मग डिकन्सच्या ४४५ ला २.०४ मीटर आणि इंग्लिसच्या ६९९ ला २.७५ मीटर पाणी चढतं. फ्रीबोर्ड (पाण्याच्या वर उरणारी भरावाची उंची) जवळजवळ संपतो, पाव मीटरच उरतो, पण भरावावरून पाणी जात नाही. लाटांची उंची वेगळी काढून तो पाव मीटर पुरतो का पाहा. नाही पुरला तर माथा वाढव किंवा वर दगडी कठडा दे. भरावाची उंची थोडी वाढवणं हे कातळात सांडवा रुंद करण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं, दोन्हींचा खर्च काढून अहवालात घाल.

प्रतिसाद २

वरच्या सरांशी सहमत. केंद्रीय जल आयोगाचा उपविभाग ३(ई), म्हणजे वरच्या गोदावरी खोऱ्याचा पूर-अंदाज अहवाल मिळव. तो २५ चौ.कि.मी.पेक्षा मोठ्या पाणलोटांसाठी आहे, तुझे ४० त्यात येतात. त्यातली समीकरणं लांबी, पाणलोटाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर आणि समतुल्य उतार यांवर संश्लेषित एकक जलालेख (ठरावीक पावसाला विसर्ग वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख) देतात. त्यावरून १०० वर्षांचा पूर काढलास की गाईड सरांसमोर रॅशनलला दुसरा आधार मिळेल, आणि रूटिंगसाठी पूर्ण जलालेखही हातात येईल.

आणि सांडव्याखालच्या पुच्छ कालव्याकडे (सांडव्याचं पाणी ओढ्यात नेणाऱ्या चराकडे) दुर्लक्ष करू नकोस. खिंडीच्या पलीकडे मुरूम असेल तर पाणी तिथून मुरूम झिजवत मागे सांडव्याकडे खात येतं. खोदून कातळ कुठे लागतो ते पाहा, आणि सांडव्याचं पाणी वस्तीच्या वर ओढ्याला कुठे मिळतं ते नकाशावर दाखव.

धागाकर्ती

आमचा पुच्छ कालवा नेमका मुरमातूनच जातोय, ओढ्याला वस्तीच्या जेमतेम दोनशे मीटर वर मिळतो. तिथे चाचणी खड्डे घेतो. ३(ई) चा अहवाल कॉलेजच्या ग्रंथालयात मागितला आहे. ६९९ ला पुच्छ कालव्यातली पाण्याची पातळी मॅनिंगच्या सूत्राने काढताना खडबडीतपणाचा गुणांक मुरमासाठी किती धरावा, हे कुणी सांगितलं तर पुढचं इथेच टाकते.