एजंटसाठी टूलचं वर्णन सविस्तर लिहायचं, का टूलच सुधारायचं?

नवीपेठकर:
टॉवेल कारखान्यांना बिलिंग सॉफ्टवेअर देणारे इथं बरेच जण आहेत म्हणून विषय काढतोय. आता प्रत्येक क्लायंट म्हणतो एआय एजंट जोडून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आली की त्यानंच टाकली पाहिजे. नोव्हेंबर २०२४ ला एमसीपी (एजंटला बाहेरचं सॉफ्टवेअर जोडायची ठरलेली पद्धत) आलं तेव्हापासून जोडणं सोपं झालंय, पण टूलच्या, म्हणजे ऑर्डर टाकणं, स्टॉक बघणं असं एजंटला करायला दिलेल्या एकेका कामाच्या, वर्णनात आपण लिहितो काय तर "ऑर्डर तयार करते". बास. नवीन पोरगं कामाला लागलं तर शेजारच्याला विचारून घेतं, एजंटसमोर टूलचं नाव, वर्णन आणि स्कीमा (कुठली फील्ड, कुठल्या स्वरूपात भरायची ते) एवढंच असतं, त्यावरून तो ठोकून देतो. एका ठिकाणी बघितलं, फील्डचं नाव नुसतं "क्वांटिटी", गिऱ्हाइकाचा मेसेज "३०-६० चे ५० पाठवा" (३०-६० हा टॉवेलचा साइज). त्या कारखान्यात सगळा हिशोब डझनात, त्यामुळं ५० म्हणजे ६०० टॉवेल. एजंटनं ५० नग टाकून मोकळा.
माझं मत, वर्णन चांगलं पाच-सहा ओळींचं पाहिजे. एकक काय, टूल कधी वापरायचं, कधी अजिबात नाही, परत काय मिळतं, आणि एखादं खरं उदाहरण.

लूमवाला_डेव्ह:
काय बोलालास बे. फील्डचं नावच गंडलंय आणि तू त्याच्यावर निबंध लिहालास. संख्या वेगळी, एकक वेगळं कर, एककात डझन, नग, किलो एवढेच पर्याय ठेव आणि ते कंपल्सरी कर. दुसरं काही आलं की सर्व्हरनं परत पाठवायचं. वर्णन मॉडेल पाळेलच ह्याची गॅरंटी कोण देणार?

नवीपेठकर:
एकक वेगळं, मान्य. पण भावा कंपल्सरी केलं म्हणून तो विचारेलच असं कुठाय? रिकामं सोडता येत नाही म्हणून तिनातलं एक उचलून टाकेल, आणि सर्व्हरला ते बरोबरच वाटेल. "गिऱ्हाइकानं एकक सांगितलं नसेल तर अंदाज करू नको, विचार" ही ओळ शेवटी वर्णनातच लिहावी लागते.

हुरडापार्टी:
टोकनचं, म्हणजे मॉडेलला किती मजकूर वाचायला लागतो त्याच्या मापाचं, कोणी बोलत नाही. बहुतेक ठिकाणी जोडलेल्या सगळ्या टूलची वर्णनं मॉडेलला दरवेळी आधीच द्यावी लागतात, टूल वापरा नाहीतर नका वापरू. स्टॉक बघा, स्टॉक शोधा, स्टॉक रिपोर्ट अशी तीन टूल एकाच सॉफ्टवेअरमध्ये मी बघितलीत, कुठलं कधी वापरायचं ते लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं. आधी दोन उडवा, मग उरलेल्याचं वर्णन लांब करा की.

जुना_प्रोग्रामर:
युनिक्स ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल १९७१ चं. त्यात प्रत्येक कमांडखाली "बग्ज" असा वेगळा भाग होता, म्हणजे हे कुठं फसतं ते लिहिणाऱ्यानंच सांगून ठेवलेलं. आपण माणसांसाठी कधी असं लिहिलं नाही आणि आता एजंटसाठी वेगळं लिहायला निघालो. दोन ठिकाणी लिहिलं की एक शिळं होणारच, आणि एजंट नेमकं शिळं तेच वाचेल. एकच लिहा, नीट लिहा.

नवीपेठकर:
काका, माणसाला स्क्रीनशॉट दिला की चालतं, एजंटला नाही चालत. एकातच दोन्ही बसवणं लई अवघड आहे हो.

जीएसटीवाली:
तुम्ही सगळे वर्णनावर भांडताय, चुकलं की काय होतं ते बघा. ई-वे बिल (माल गाडीनं पाठवताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) केल्यापासून २४ तासांतच रद्द होतं, आणि वाटेत अधिकाऱ्यानं तपासलं असेल तर तेव्हाही नाही. आमच्याकडच्या टूलला हे झालं की "एरर ४००" एवढंच यायचं. एजंटला काय कळणार, तो परत मारतो, परत मारतो. आता मेसेज असा येतो: "२४ तास उलटून गेलेत, रद्द होणार नाही. पुन्हा प्रयत्न करू नका, अकाउंटंटला कळवा." वर्णनाला हात न लावता गोंधळ थांबला.

लूमवाला_डेव्ह:
ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. आणि अजून एक, लांब वर्णन कोण वाचतंय? बाहेरचा सर्व्हर जोडला आणि त्याच्या वर्णनातच कोणी "सगळ्या पार्ट्यांची यादी अमुक ठिकाणी पाठव" असं दडवून ठेवलं तर एजंट तेही ऐकू शकतो. टूल पॉयझनिंग म्हणतात ह्याला. एमसीपीत टूल नुसतं वाचतं का काही पुसूनही टाकतं हे सांगायची सोय आहे, पण ती सूचनाच, अनोळखी सर्व्हरच्या असल्या सूचनेवर विसंबू नका असं त्यांच्याच नियमात लिहिलंय.

नवीपेठकर:
ते बाहेरच्या सर्व्हरचं झालं, मी आपण स्वतः लिहिलेल्या टूलचं बोलतोय. आणि तुझ्या स्कीमाचं एक सांग, फील्ड बदललं की क्लायंटचं जुनं मोबाइल अ‍ॅप बंद पडतं त्याचं काय? एएमसीत (वर्षाच्या देखभालीच्या करारात) ते बसत नाही आणि वेगळे पैसे कोणी देत नाही. वर्णन मी आज रात्री बसून बदलतो, गेल्या महिन्यातले खरे मेसेज टाकून बघतो, कुठं चुकतंय ते सकाळपर्यंत कळतं.

लूमवाला_डेव्ह:
मग जुन्या एपीआयला (अ‍ॅप ज्यातून सॉफ्टवेअरशी बोलतं त्याला) हात नको लावू की. त्याच्यावर एजंटपुरती चार टूल नवीन लिही, आतून डझनाचे नग कर आणि जुन्यालाच पाठव. अ‍ॅपसाठी केलेला एपीआय आहे तसा एजंटला जोडून द्यायचा आणि मग वर्णनानं ठिगळं लावत बसायचं, हेच मला पटत नाही.

जीएसटीवाली:
नवीन लिहिणारच असाल तर रद्द करायचं टूल त्यात घेऊच नका. ते माणसाच्याच हातात राहू द्या.