पुढचा भाग, मागची कथा : सीमाभागातील वाचकांचे अनुभव

एखादी कादंबरी मनात घर करून बसली की तिच्यातील माणसांचे पुढे काय झाले, किंवा ती तशी का घडली, हा प्रश्न वाचकाला पडतोच. त्याचे उत्तर लेखकाने, त्याच्या वारसांनी किंवा चित्रपट काढणाऱ्या कंपनीने दुसऱ्या पुस्तकातून द्यावे का, याविषयी मात्र एकमत होत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात आपण मराठी पुस्तके आणि कन्नड चित्रपट यांच्यात सारखेच रमतो, म्हणून येथील वाचकांचे अनुभव मागवीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. पुढचा भाग मला चालतो, पूर्वकथेकडे मात्र मी संशयाने पाहते, कारण तिचा शेवट आपण अगोदरच वाचलेला असतो आणि मूळ लेखकाने जाणूनबुजून मोकळी ठेवलेली जागा ती भरून टाकते. हे मत खोडून काढणारे अनुभव आधी यावेत.

टिळकवाडी, बेळगाव

ताई, आपले मत मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला लागू पडत नाही, कारण तेथे शेवट पहिल्यापासूनच सर्वांना ठाऊक असतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ साली. इतिहासाच्या क्रमाने मात्र ‘पानिपत’ आधी येते. जानेवारी १७६१ मधील त्या पराभवानंतर काही महिन्यांतच नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांवर राज्याचा भार पडला. म्हणजे दुसऱ्याच लेखकाने, २६ वर्षांनी, ‘स्वामी’ची पूर्वकथा लिहिली, असे मी वाचक म्हणून मानतो.

तरुणपणी ‘स्वामी’ वाचली तेव्हा ती माझ्या लेखी माधवराव आणि रमाबाईंची, आणि फार तर काका-पुतण्याच्या झगड्याची कथा होती. ‘पानिपत’ वाचून पुन्हा तिच्याकडे वळलो, तेव्हा शनिवारवाड्यातील जवळजवळ प्रत्येक माणूस कोणाला तरी गमावून बसला आहे, हे पानापानावर जाणवू लागले. गोपिकाबाईंचा करारीपणा मला पूर्वी निव्वळ हट्ट वाटत असे. विश्वासराव हा त्यांचा थोरला मुलगा होता हे नुसते माहीत असणे निराळे, आणि त्याच्याबरोबर पानिपतापर्यंत चालून आल्यावर ते आठवणे निराळे.

आमच्या वाचनालयातील ‘स्वामी’च्या जुन्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने बाळाजी विश्वनाथांपासूनची वंशावळ काढलेली होती. दुसऱ्या कोणीतरी, बारीक तिरप्या अक्षरात, नावांपुढे कादंबऱ्या लिहिल्या होत्या : पहिल्या बाजीरावापुढे ‘राऊ’, सदाशिवरावभाऊंपुढे ‘पानिपत’, दुसऱ्या बाजीरावापुढे ‘मंत्रावेगळा’. कोणत्याही प्रकाशकाने न काढलेली ही मालिका वाचकांनी परस्पर जुळवून टाकली होती. पुस्तकात लिहू नये हे खरेच, पण त्या पानाचे मला कौतुक वाटले. (देसाईंचे कोवाड आपल्या बेळगावच्या शेजारचे, म्हणून मी ‘स्वामी’ला मध्यभागी ठेवतो, असे म्हणणारे म्हणोत.)

निपाणी

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट २०१७ साली आला, तेव्हा तो पाहून आलेली मुले भा. रा. भागवतांची पुस्तके मागू लागली. चित्रपटातला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे आणि पुस्तकातला फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून हुंदडणारा शाळकरी पोरगा. मुलांना हा फरक मुळीच खुपला नाही. त्यांनी तो मोठा होण्याआधीचा फेणे म्हणून स्वीकारला, आणि अनेक दशके आधी लिहिलेली पुस्तके त्यांच्यापुरती चित्रपटाची पूर्वकथा होऊन बसली. चित्रपटात भागवत हेही एक पात्र आहे, त्यामुळे पुस्तकावर त्यांचे नाव पाहून एका मुलीने, “हेच ते आजोबा का, बाई?” असे विचारले. अशा चित्रपटांवर मी रागावू शकत नाही. राग येतो तो मुखपृष्ठावर नटाचे छायाचित्र छापून काढलेल्या आवृत्त्यांचा, कारण वाचकाने स्वतः रंगवायचा चेहरा त्या आयता हातात ठेवतात.

खानापूर

‘बाहुबली’चे दोन भाग २०१५ आणि २०१७ साली आले, आणि आनंद नीलकंठन यांची शिवगामीवरील पूर्वकथा २०१७ मध्ये निघाली. तिच्यातील शिवगामी लहानपणीच वडिलांना राजद्रोही ठरवून मारलेले पाहते आणि माहिष्मतीचा नाश करण्याची प्रतिज्ञा करते. हीच मुलगी पुढे त्या राज्याची राजमाता होणार, हे आपल्याला ठाऊक असते. शेवट माहीत आहे म्हणून उत्सुकता संपते, असे ताई म्हणतात. मला तर त्या माहितीमुळेच पुस्तक खाली ठेवता आले नाही, कारण द्वेषापासून राजनिष्ठेपर्यंतची वाट कशी कापली जाणार, हा खरा प्रश्न होता. तपशील अतोनात आहे आणि पात्रांची गर्दी तर विचारू नका, हेही मान्य.

चित्रपटापुरते बोलायचे तर ‘कांतारा’ २०२२ साली आला आणि त्याची पूर्वकथा २०२५ मध्ये ‘चॅप्टर १’ या नावाने. दुसऱ्याने आलेल्याला पहिले म्हणणे हा व्यापारी धूर्तपणा झाला, तरी कथा कदंब राजघराण्याच्या काळात गेल्यामुळे आम्ही मित्र चित्रपटगृहातून बाहेर पडलो ते हलशीबद्दल बोलत. आमच्या तालुक्यातील हलशी ही कदंबांची दुसरी राजधानी होती, हे शाळेत शिकूनही कधी चर्चेत आले नव्हते.

कडोली

हे सगळे चित्रपटवाल्यांनी शोधून काढले, असा सूर दिसतो. महाभारतात श्रीकृष्ण प्रथम येतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, कर्तासवरता होऊन. त्याचे बालपण ऐकण्याची ओढ हरिवंशाने भागवली, आणि परंपरेने त्याला महाभारताचे खिल, म्हणजे पुरवणी, मानले. गोकुळाशिवाय कृष्ण आज कोणाला सुचतो? उत्तरकांडाचे उलटे आहे. आमच्या घरी रामायणाचे वाचन राज्याभिषेकापाशी थांबवीत. सीतात्यागाची कथा सर्वांना पाठ होती, पण वाचायला बसल्यावर ती कोणी काढत नसे. पुढचा भाग नाकारण्याचा हक्क वाचकाला असतो, तो आजच्या मालिकांचे चाहते वापरताना दिसत नाहीत.

टिळकवाडी, बेळगाव

कडोलीकर, आपला मुद्दा मान्य, फक्त उत्तरकांड नाकारले तर वाल्मीकींच्या आश्रमातील लव-कुशही जातात, आणि माझी ती तयारी नाही.

अथणी

थोडक्यात लिहितो. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यापाशी संपवले आणि १९०३ मध्ये वाचकांच्या आग्रहापुढे नमून परत आणले. या दोन्हींच्या मध्ये, १९०१ पासून, बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी मासिकातून क्रमशः आली, आणि तिची घटना होम्सच्या मृत्यूपूर्वीची आहे. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून होम्स वाचत आलेला मी ती कादंबरी सर्वांत वर ठेवतो. परत आलेल्या होम्सच्या कथांत मला अनेकदा उरकलेपण दिसते. ताईंच्या नियमाप्रमाणे पुढचा भाग सरस आणि मागची कथा संशयास्पद ठरायला हवी होती, त्यामुळे या उदाहरणाचे काय करायचे ते त्यांनीच सांगावे.