कुत्र्यासाठी रडणारा ख्रिस्ती 'अजून दुधावरच' असतो का?

रेल्वेक्वार्टर (भुसावळ)

रविवारी इथे आपल्या ख्रिस्ती गटात एका बंधूंनी लिहिलं, "पशूला आत्मा नाही. पशूसाठी शोक करणारा ख्रिस्ती अजून दुधावरच आहे, म्हणजे विश्वासात तान्हं बाळ आहे, वचनाचं जड अन्न त्याला पचलेलं नाही." खाली आमेनची रांग लागली. नाव कोणाचं घेतलं नव्हतं, पण आमचा कुत्रा टॉमी गेल्याचं मी शुक्रवारीच टाकलं होतं. रोख कोणावर होता ते मला कळलं. म्हणून उत्तर देते, आणि लांबच देते.

टॉमी अकरा वर्षं आमच्याकडे होता. बाबा मालगाडीवर गार्ड होते. रात्री अडीचला आले तरी गल्लीच्या तोंडाशी त्यांचे बूट वाजले की शहाबादी फरशीवर टॉमीच्या नखांची टकटक सुरू व्हायची. त्या आवाजाने आई उठून चहा टाकायची. बाबा 2019 मध्ये प्रभूमध्ये निजले. त्यानंतर कितीतरी महिने हा अडीचच्या सुमाराला उठून दाराशी जाऊन बसायचा. आई त्याला म्हणायची, "ये रे, आता कोणी येत नाही." मे महिन्यात पारा 46 वर गेला की आई गोणपाट भिजवून कूलरसमोर टाकायची, तेही त्याच्यासाठी.

गेला गोचीड तापाने. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. ना रविवार होता ना सुट्टी, तरी जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. जळगावला नेताना रिक्षातच माझ्या मांडीवर त्याने मान टाकली.

आता वचनाचं. बायबलात 2 शमुवेल 12 काढा. नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, जी एका श्रीमंताने हिसकावून कापली. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी निजायची, त्याला लेकीसारखी होती. ही गोष्ट ऐकून दावीद 'एवढ्याशा मेंढीचं काय' म्हणाला नाही, संतापला. आणि उत्पत्तीत ज्या हिब्रू शब्दांनी आदामाला 'जिवंत प्राणी' म्हटलंय, तेच शब्द, नेफेश हय्या, पहिल्या अध्यायात जलचरांना आणि पशूंनाही लावलेत. मग 'आत्मा नाही' हे इतक्या ठामपणे कुठून आलं?

साधा_सेवक (धुळे)

ते वाक्य माझंच. ताई, तुमचं दुःख मला कळतं, पण दुःखासाठी वचन वाकवू नका. नेफेश म्हणजे जीव, प्राण. तो मुंगीतही आहे. देवाच्या प्रतिरूपात घडवला तो फक्त मनुष्य, उत्पत्ती 1:27. प्रभू वधस्तंभावर गेला तो मनुष्यासाठी. नाथानाची मेंढी तर दृष्टांत आहे, ती म्हणजे दाविदाने हिरावलेली उरीयाची बायको. आणि दाविदाने शिक्षा काय सांगितली? एका मेंढीबद्दल चार मेंढ्या भरून द्या. म्हणजे मालाची भरपाई. लेकीची भरपाई चार लेकी देऊन होते का?

मी हे का लिहिलं तेही सांगतो. 2021 च्या एप्रिलमध्ये एका आठवड्यात मी सहा जणांना मूठमाती दिली. एका बाईच्या खड्ड्याशी मी, तिचा जावई आणि महापालिकेची दोन माणसं. गीत म्हणायला आवाज नव्हता, मी एकट्याने म्हटलं. नंतर मंडळीतही कोणी विचारलं नाही की तिच्या पोरांचं काय चाललंय. आणि आता कुत्र्याच्या फोटोखाली शंभर लोक रडताना दिसले, तेव्हा राहवलं नाही.

सांजघंटा (जळगाव)

सेवकभाऊ, तुमचं अर्धं बोलणं आमच्या कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनसनेही तेराव्या शतकात लिहून ठेवलंय. पशूला जाणिवेचा आत्मा असतो, तो शरीराबरोबर संपतो. बुद्धीचा अमर आत्मा माणसाचाच. म्हणजे 'आत्माच नाही' असं तोही म्हणत नव्हता. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद 2418 आहे. प्राण्यांना विनाकारण छळणं माणसाला शोभत नाही, त्यांच्यावर प्रेम करायला हरकत नाही, पण जे प्रेम फक्त माणसांचं आहे ते त्यांच्याकडे वळवू नये. मला हे कडक वाटतं, पण आहे ते आहे. दुसरीकडे 2015 च्या परिपत्रकात, परिच्छेद 243, पोप फ्रान्सिस लिहितात की सार्वकालिक जीवनात प्रत्येक निर्मिती तेजस्वी रूपात आपली जागा घेईल.

आणि कृपा करून 'पोप एका मुलाला म्हणाले, कुत्र्यांना स्वर्ग खुला आहे' ती पोस्ट कोणी टाकू नका. 2014 मध्येच ती बातमी चुकीची ठरलीय.

निवृत्त_बाई (अमळनेर)

पोपचं निघालंच म्हणून. 2022 च्या जानेवारीत हेच पोप म्हणाले की लोक मुलांऐवजी कुत्री-मांजरं पाळतात, हा स्वार्थ आहे. मी दोन मुलं वाढवली, शिकवली. एक पुण्यात, एक परदेशात. नाताळला व्हिडिओ कॉल येतो. गेल्या वर्षी मला ताप होता तेव्हा तीन दिवस उशाशी मांजर होती. मुलं झाली म्हणजे म्हातारपणी दारात कोणी असतंच, असं धरून चालणाऱ्यांनी आधी आमच्या गल्लीत येऊन किती घरांत एकटी म्हातारी माणसं आहेत ते मोजावं. सेवकभाऊ, तुम्ही त्या बाईच्या खड्ड्याशी एकटे होतात, फार वाईट झालं. पण टॉमी तिच्या वाटचा शोक खाऊन गेलेला नाही.

साधा_सेवक (धुळे)

बाई, शेवटचं वाक्य लागलं. मान्य. पण उपदेशक 3:21 वाचा, पशूचा प्राण खाली जमिनीत जातो.

रेल्वेक्वार्टर (भुसावळ)

पूर्ण वाचा ना! मनुष्याचा वर जातो आणि पशूचा खाली जातो हे 'कोणास ठाऊक', असं आहे ते. प्रश्न आहे तो, उत्तर नाही. त्याच्या आधीच्याच वचनांत म्हटलंय की दोघांचा श्वास एकच, दोघं मातीचे, दोघं मातीला मिळतात. अर्धं वचन तोडून रडणाऱ्या माणसाच्या अंगावर फेकायचं, हे जड अन्न का?

केळीबाग (रावेर)

मी शेतकरी, मला हिब्रू येत नाही. पण हा प्रश्न कुत्र्यापुरता नाही. आमच्याकडे अजून एक जोडी आहे. मागच्या पोळ्याला मी बैल धुतले, आदल्या दिवशी खांदे चोळून खांदेमळणी केली, शिंगांना हिंगूळ लावला, झूल घातली, खापरावरची पुरणपोळी चारली. गावाबरोबर तोरणाखालूनही नेले. मारुतीच्या देवळाशी थांबलो नाही, ओवाळलं नाही. तरी पुढच्या रविवारी मला मंडळीत उभं केलं आणि दोन महिने प्रभुभोजन बंद. बैलाला एक दिवस जू नाही, म्हणून मी मूर्तिपूजक?

निर्गम 23:12 मध्ये शब्बाथ कशासाठी आहे? तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा म्हणून. अनुवाद 25:4, मळणीच्या बैलाला मुसकी घालू नको. आमची आजी अहिराणीत म्हणायची, "मुका जीव शे, त्याले सांगता येत नही." तिने शास्त्र वाचलं नव्हतं, पण नीतिसूत्रे 12:10, नीतिमान माणूस आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, हे ती जगत होती.

नवापूरकर

केळीबाग, इथे मी आडवा येणार. अनुवाद 25:4 तुम्ही काढलं, तर 1 करिंथ 9 पण काढा. प्रेषित पौल त्याच वचनावर विचारतो, देवाला बैलांची काळजी आहे काय? पोळा म्हणजे नुसती आंघोळ नाही. बैलाला ओवाळतात, पाया पडतात. तुम्ही थांबला नाहीत, पण तुमच्या मागून येणारं पोर थांबेल.

केळीबाग (रावेर)

पौल सुवार्तिकाच्या मजुरीबद्दल बोलतोय. त्यासाठी बैलाचं उदाहरण घेतो, म्हणून बैलाच्या तोंडाला मुसकी घाला असा अर्थ होत नाही. आणि योनाचं पुस्तक संपतं कशावर? देव म्हणतो, निनवेत 1,20,000 हून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंही आहेत, मी त्या शहराची कीव करू नये काय? गुरांवर संपतं ते.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी प्रभू अभंगात गायला, कीर्तनात आणला. ती गीतं आज तुम्ही पाठ म्हणता. मग माझ्या बैलाच्या झुलीला बाटण्याची भीती का?

नवापूरकर

टिळकांचे अभंग त्यांच्या घरचे होते. आमच्या घरी वाघदेव होता. माझ्या आजोबांनी तो सोडला तेव्हा पाड्याने त्यांना वाळीत टाकलं. विहीर बंद. आजी दीड कोस लांबून नाल्याचं पाणी आणायची. त्यांना कोणी म्हणालं असतं की 'वाघदेवाला नुसतं तांदूळ-कोंबडं दे, मनात प्रभू ठेव', तर पाणी लगेच मिळालं असतं. त्यांनी नाही केलं. तुमच्यासाठी पोळा म्हणजे आठवण आहे, आमच्यासाठी दार आहे, एकदा उघडलं की आत काय काय येतं ते आम्ही पाहिलंय. याला शेतकऱ्याचा अपमान म्हणू नका.

केळीबाग (रावेर)

अपमान तुम्ही केला नाही, ज्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं त्यांनी केला. तुमच्या आजोबांचं वाचून मी गप्प झालो खरा. पण त्यांनी सोडला तो वाघदेव. बैल सोडला का? औताला बैल होता ना त्यांच्याही?

नवापूरकर

होता. आजोबा त्याला स्वतःच्या भाकरीतला तुकडा द्यायचे. मेला तेव्हा विकला नाही, बांधाला पुरला. रडले की नाही ते मला माहीत नाही, त्या दिवशी जेवले नाहीत एवढं वडील सांगतात.

सांजघंटा (जळगाव)

बघा, पोळ्यावर भांडता भांडता पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीनेही 1781 मध्ये रोमकरांस 8 वर प्रवचन केलंय. सारी सृष्टी कण्हत आहे ना, मग सुटका होईल तीही साऱ्या सृष्टीची, पशूंची सुद्धा, असं त्याचं म्हणणं. हा कॅथलिक नव्हता, सेवकभाऊ, तुमच्या बाजूचा.

साधा_सेवक (धुळे)

वेस्ली वेस्लीच्या जागी, वचन वचनाच्या. सृष्टीची सुटका मी नाकारत नाही, यशयाच्या भविष्यात एकत्र राहणारे लांडगा आणि कोकरूही नाकारत नाही. पण नव्या पृथ्वीवर प्राणी असतील आणि हाच टॉमी असेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला वचनात आधार नाही, आणि मी व्यासपीठावरून ती सांगणार नाही.

'दुधावरच' हा शब्द मात्र मागे घेतो. तो वचनाचा नव्हता, माझ्या रागाचा होता. आमेन म्हणणाऱ्यांनीही परत घ्यावं.

रेल्वेक्वार्टर (भुसावळ)

व्यासपीठावरून सांगा असं मी कधी म्हटलं? दोन पैशांना पाच चिमण्या विकतात, तरी त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, लूक 12:6. विसर पडत नाही एवढंच मला पुरे आहे. पुढचं तो बघेल. त्या बाईच्या मुलांचं तुम्ही लिहिलंत ते मात्र खरं आहे, आम्ही कोणी विचारलं नाही. पत्ता मला वेगळा पाठवा. आई आणि मी येत्या शनिवारी धुळ्याला येतो.

नवापूरकर

केळीबाग, माझं मत बदललेलं नाही. बैल धुवा, हिंगूळ लावा, पोळी चारा. तोरणाखाली मी येणार नाही.

केळीबाग (रावेर)

तोरणाखाली बोलावतच नाही भो. घरी पोळी खायला या. आणि खांदेमळणीला आदल्या दिवशी आलात तर बरं, दुसऱ्या बैलाला धरायला माणूस लागतो.