पहिलं बाळ, ऑगस्टची तारीख, माहेर सांगली: आधी नक्की काय काय घेऊन ठेवू?

मृण्मयी_कोथरूड
नमस्कार सगळ्यांना. मला आता सातवा लागलाय, पहिलंच बाळ, डॉक्टरांनी तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली दिलीये. आम्ही दोघं पुण्यात, दोघंही नोकरी करतो, आणि बाळंतपण माहेरी सांगलीला करायचं ठरलंय, डोहाळजेवण झालं की जाणार. प्रश्न खरेदीचा आहे. नवऱ्याने ऑनलाइन बघून एक लिस्ट केली, त्यात क्रिब, स्ट्रोलर, बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन, वाइप्स गरम करायचा डबा, ब्रेस्ट पंप, काय काय आहे, सगळं मिळून चाळीस हजाराच्या वर जातंय. इकडे सासूबाई म्हणतात बाळ हातात येईपर्यंत घरात साधं टोपडंसुद्धा आणायचं नाही. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे आणि त्या हे फार मनापासून सांगतात, मला त्यांना अजिबात दुखवायचं नाहीये. आई म्हणते तू फक्त ये, माझ्याकडे जुन्या साड्या आहेत. मग मी करू काय? ऐनवेळी पळापळ नको वाटते. दवाखान्यात पहिल्या दोन दिवसांत बाळाला नक्की काय लागतं, ऐन पावसात लंगोट वाळवायचे कसे, आणि पैसे घालायचेच तर कशात घालावेत? जरा सविस्तर सांगा प्लीज.

अनघा_चिंचवड
मृण्मयी, अभिनंदन! माझी लेक जुलैची आहे त्यामुळे पावसाचं मी सांगते. सगळ्यात जास्त लागतात ते लंगोट. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा वेळा तरी ओलं करतं, आणि पावसात धुतलेला लंगोट दुसऱ्या दिवशीसुद्धा दमटच लागतो, म्हणून उन्हाळ्यात दोन डझनांत भागत असेल तर तू साडेतीन-चार डझन धर. एका खोलीत फॅनखाली घडीचा स्टँड लावायचा आणि वाळले असं वाटलं तरी घालायच्या आधी प्रत्येकावर गरम इस्त्री फिरवायची, दमट कापडाने जांघेत लगेच लाल होतं. रात्रीपुरते डायपर वापरले तर आईला झोप मिळते, त्यात कमीपणा काही नाही, पण सगळ्यात लहान साइझचं एकच छोटं पाकीट घे कारण बाळाचं वजन किती भरेल ते आधी कोण सांगणार.

झबली बंदाची घे, म्हणजे समोरून किंवा बाजूने बांधायची. डोक्यातून घालायचं काहीही पहिल्या महिन्यात नको, मान धरलेली नसते आणि घालणाऱ्याचेच हात थरथरतात. आठ-दहा झबली, तीन-चार टोपडी, हातापायाचे मोजे दोन-तीन जोड, दुपटी मात्र डझनभर असू देत कारण पुसायला, गुंडाळायला, खाली घालायला, खांद्यावर टाकायला सगळ्याला दुपटंच लागतं. रबरी शीट दोन, एक धुवायला गेली की दुसरी. आणि छत्रीसारखी मिटणारी छोटी मच्छरदाणी, ऑगस्टमध्ये तिच्याशिवाय चालणारच नाही. हे सगळं लक्ष्मी रोड-तुळशीबागेत एका फेरीत मिळतं आणि ऑनलाइनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, शिवाय कापड हातात घेऊन बघता येतं. जाळीच्या लेसवाले, टिकल्या लावलेले फ्रॉक बघायला गोड दिसतात पण ते पाहुणे आणतातच, तू घेऊ नकोस.

मंगलकाकू_मिरज
मृण्मयी बाळा, सुखरूप ये माहेरी. सासूबाईंचं मनाला लावून घेऊ नकोस आणि त्यांना समजावायलाही जाऊ नकोस. आमच्या आजीच्या काळात घरटी एखादं तरी मूल जायचं गं, पाळणा सजवून ठेवायचा आणि तो रिकामा राहायचा, ते दुःख ज्यांनी बघितलं त्यांनी ही पद्धत घातली. बाळंतविडा माहेराहून यायचा तोही बारशाला, कुंची आत्याने शिवायची तीही तेव्हाच. पहिले दिवस बाळ जुन्याच कपड्यात असायचं, आणि खरं सांगू का, नव्या कडक कापडापेक्षा दहा वर्षं धुऊन मऊ झालेली सुती साडी त्या कातडीला जास्त मानवते.

म्हणजे तुझ्या आईचं बरोबर आहे. एका नऊवारीत दुपटी नि लंगोट मिळून भरपूर निघतात, कडा दुमडून हाताने टीप मारायची, काठ आणि जर काढून टाकायची. ही काही नवी खरेदी नव्हे त्यामुळे सासूबाईंचा शब्दही राहतो. उलट त्यांनाच सांग की आई तुमची एखादी मऊ साडी द्या, बाळाचं पहिलं दुपटं तिचं करायचंय. बघ किती आनंदाने देतात.

आता खरेदीपेक्षा मोठी गोष्ट सांगते. तुझी तारीख ऑगस्टची आणि गाव सांगली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आलाच. दरवर्षी असं होत नाही, घाबरवायचं नाहीये तुला, पण माहेर गावभागात किंवा नदीच्या अंगाला असेल तर आत्ताच ठरवा की पाणी वाढायला लागलं तर तू कुणाकडे राहायला जाणार, विश्रामबागेत नाहीतर मिरजेत कोण नातेवाईक आहेत. दवाखाना निवडताना पाणी आल्यावर तिथे जायचा रस्ता चालू राहतो का हे विचारा. पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याला पोचायच्या आत हलायचं, पोटुशी बाईने होडीची वाट बघायची नाही. पिशवी भरलेली असेल तर हे सगळं सोपं जातं.

स्वाती_सिस्टर
प्रसूती वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. काकूंनी जुन्या साड्यांचं सांगितलं ते उत्तम, फक्त एक फार महत्त्वाचं. त्या साड्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेल्या असतील तर तशाच वापरू नका. काही बाळांना जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, जी-सिक्स-पीडी म्हणतात, आणि त्या गोळ्यांच्या वासाने, कपड्यातल्या अंशाने अशा बाळाच्या रक्तपेशी फुटून कावीळ झपाट्याने वाढते. ही कमतरता कुणाला आहे ते वरून दिसत नाही. म्हणून आईला फोन करून आत्ता मे महिन्यातच साड्या बाहेर काढायला सांग, गरम पाण्यात दोनदा धुऊन चांगलं कडक ऊन दाखवा, जूननंतर तुम्हाला ऊन मिळणार नाही. कपाटात परत ठेवताना गोळ्या नकोत.

दवाखान्याच्या पिशवीत बाळाचं थोडंच लागतं: चार-पाच झबली, टोपडी, मोजे, लंगोट, आणि आठ-दहा स्वच्छ मऊ दुपटी, कारण जन्मल्याबरोबर बाळ एका दुपट्याने कोरडं करायचं आणि दुसऱ्या कोरड्यात घ्यायचं असतं. साबण, पावडर, तेल, काजळ यातलं काही आणू नका. आंघोळ पहिले चोवीस तास घालत नाही, नाळेला काही लावायचं नाही, नुसती कोरडी ठेवायची. काजळात शिसं असू शकतं, त्यामुळे डोळ्यांना तर नकोच, तीट लावायची असेल तर तळपायाला लावा. सगळे विसरतात ते आईचं सामान! समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, बाळंतपणाचे मोठे पॅड, सैल सुती निकर, पायमोजे, कानाला बांधायला रुमाल. आणि फाइल: सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, तपासण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं झाल्याची नोंद. पुण्याचे डॉक्टर वेगळे आणि सांगलीचे वेगळे म्हणून याची एक झेरॉक्स आईकडे पण ठेव, आणि सांगलीच्या डॉक्टरांना एकदा तरी आधी जाऊन दाखव, कळा सुरू झाल्यावर पहिली ओळख नको.

बाटली, निर्जंतुक करायचं मशीन, पावडरचं दूध, यातलं काही घेऊन ठेवू नका. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायचं, पहिला पिवळसर चीक पाजायचा, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. बाटल्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही घातलेली. घरात डबा तयार असला की तिसऱ्या रात्री बाळ रडलं, दूध पुरत नाही असं कुणी म्हटलं, की तो उघडला जातो. पंप लागलाच तर नंतर दोन तासांत आणता येतो. आणि मध, गुटी चाटवायला कुणी आग्रह केला तर प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा, मध वर्षाच्या आत देतच नाहीत, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. लसी मात्र लगेच: क्षयरोगाची बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, आणि काविळीची हिपॅटायटिस बी ती चोवीस तासांत. व्हिटॅमिन के पण देतात. कार्ड नीट सांभाळा.

निखिल_बाणेर
मुलगा दीड वर्षाचा आहे, बाबांच्या बाजूने लिहितो. तुझ्या नवऱ्याला सांग, त्याची लिस्ट उत्साहातून आलीये आणि तो उत्साह चांगलाच आहे, फक्त तो कागदपत्रांकडे वळव. रजेचं आधी बघा. कायद्याने २६ आठवडे पगारी रजा मिळते पण त्यातले जास्तीत जास्त ८ तारखेच्या आधी घेता येतात, आणि आधी जितके घ्याल तितके नंतरचे कमी. झेपत असेल आणि घरून काम मिळत असेल तर जून तसा काढा, नंतरचा एकेक आठवडा सोन्याचा असतो. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये मॅटर्निटी किती रुपयांपर्यंत आहे, सांगलीतला तुमचा दवाखाना कॅशलेस यादीत आहे का आणि बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं हे एचआरकडून लेखी मागवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते, दवाखानाच कळवतो, पण आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना ते फॉर्मवर स्वतः वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच जन्मदाखला लागणार. बाकी कुणी वाचत असेल आणि पगारी रजा मिळत नसेल तर अंगणवाडीत मातृवंदना योजनेचं विचारा, पहिल्या बाळाला ५,००० रुपये हप्त्यांनी खात्यात येतात.

वस्तूंमध्ये मी एकाच गोष्टीवर पैसे घालायला सांगेन, गाडी असेल तर मागे तोंड करून बसवायची कार सीट. पुण्याला परत येताना हायवेवर मांडीवरचं बाळ ब्रेक लागल्यावर कुणाच्याही हातात राहत नाही. स्ट्रोलर आपल्या फुटपाथवर चालत नाही, राहू दे. उरलेले पैसे माणसावर घाला. पुण्यात परत आल्यावर पहिले दोन महिने धुण्याला आणि स्वयंपाकाला एक मावशी असतील तर मृण्मयीला बाळ झोपल्यावर झोपता येईल. हे कुठल्याही मशीनने होत नाही.

मृण्मयी_कोथरूड
सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. काकू, सासूबाईंना साडी मागितली, त्यांनी त्यांची इरकल काढून दिली आणि स्वतःच कात्री घेऊन बसल्या! स्वाती ताई, आईच्या ट्रंकेत गोळ्या होत्या, आज सगळ्या साड्या गच्चीवर आहेत. माहेर गावभागातलंच आहे, मामा विश्रामबागेत राहतो, त्याच्याशी बाबांनी बोलून ठेवलं. नवऱ्याने कार सीट सोडून सगळं काढलं. एकच राहिलं, झोपवायचं काय? क्रिब नको तर पाळणा विकत घेऊ का?

मंगलकाकू_मिरज
पाळणा विकत कशाला गं, कुणाकडे तरी माळ्यावर असतोच, ज्या घरी मुलं चांगली वाढली त्या घरचा मागून आणायची रीतच आहे. कड्या, दोऱ्या, आकडे नवीन लावून घ्या आणि आधी आत वजन ठेवून बघा. बारशाच्या दिवशी बांधा.

स्वाती_सिस्टर
पाळण्यात गादी सपाट, कडक असू दे, राईची उशी, मऊ खेळणी, जाड गोधडी आत नको, आणि बाळ नेहमी पाठीवर झोपवायचं. पिशवी ३४ व्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ ठेव, सांगलीचा प्रवास कधी करायचा ते पुण्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरव. आणि अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. १०८ चा नंबर आई-बाबांच्या फोनमध्येही टाकून ठेव.