शैक्षणिक व्हिडिओंचं पार्सल कस्टमने अडवलंय, 'शैक्षणिक' असल्याचा दाखला कोण देतं?

खडूफळा:
नमस्कार. मी कर्णबधिर मुलांना गणित शिकवते. परदेशातल्या एका शिक्षिकेने अपूर्णांकांचे ४२ धडे रेकॉर्ड करून हार्ड डिस्कवर पाठवले, सोबत भिंतीवर लावायचे तक्ते. तिची खुणांची भाषा आमच्याहून वेगळी आहे, पण कागदाची पट्टी दुमडत ती एक तृतीयांश ज्या पद्धतीने उलगडते, ते बघताच माझ्या मुलांना कळेल याची मला खात्री आहे. तिने प्रेमाने पाठवलंय, म्हणून इन्व्हॉइसवर लिहिलं 'भेट, किंमत शून्य'. आता कस्टमवाले किंमत विचारतात आणि शैक्षणिक असल्याचा दाखला मागतात. चित्रपटांना प्रमाणपत्र देतात तिथे चौकशी केली, तर हा दाखला आमच्याकडचा नव्हे म्हणाले. कुठे जाऊ?

रानवारा:
ताई, तिला सरळ क्लाउडवर टाकायला सांगा ना. नेटवरून येणाऱ्या गोष्टींवर सीमाशुल्क लावायचं नाही असं जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी १९९८ मध्ये ठरवलं आणि नंतर वेळोवेळी मुदत वाढवत नेली. तुमच्याकडे सध्या काय लागू आहे तेवढं बघून घ्या.

खडूफळा:
पुढच्या वेळी तसंच करीन. पण हे पार्सल येऊन पडलंय, आणि तक्ते काही नेटवरून येत नाहीत.

जुना_क्लिअरिंगवाला:
ताई, तीस वर्षं मी कस्टममधून माल सोडवण्याचंच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गल्लत दोन दाखल्यांत झाली आहे. एक दाखला चित्रपट लोकांना दाखवायला योग्य आहे का ते सांगतो. दुसरा सांगतो की माल शिकवण्यासाठीच आहे. कस्टम मागतंय तो दुसरा. त्याचं मूळ युनेस्कोच्या १९४८ च्या बैरूत करारात आहे. या करारात फिल्म, ध्वनिमुद्रणं, तक्ते, प्रतिकृती अशा मालाला सीमाशुल्क आणि आयात परवान्यातून सूट आहे, पण दाखला हवा. आणि तो तुमच्या देशात मिळत नाही! माल जिथे तयार झाला त्या देशाच्या सरकारने नेमलेली संस्था तो देते, किंवा युनेस्को. म्हणजे धावपळ तुम्ही नाही, तुमच्या मैत्रिणीने करायची आहे. दाखला आला तरी शेवटचा शब्द आयात करणाऱ्या देशाचाच. शिवाय आपापल्या कायद्याने सेन्सॉर करायचा हक्क कराराने काढून घेतलेला नाही, म्हणून जाहीर प्रदर्शन करणार असाल तर पहिला दाखलाही लागू शकतो.

दोन्ही देश या करारात आहेत का ते आधी बघा. तुमचा देश नसेल, तर तो युनेस्कोच्याच १९५० च्या फ्लॉरेन्स करारात आहे का ते तपासा. तिथे सूट मान्यताप्राप्त संस्थेला मिळते, म्हणून पार्सल तुमच्या नावावर नको, शाळेच्या नावावर हवं. व्हिडिओ टेप आणि डिस्क स्पष्टपणे आल्या त्या या कराराला जोडलेल्या १९७६ च्या नैरोबी प्रोटोकॉलमध्ये, तोही तुमच्या देशाने स्वीकारलाय का ते विचारा.

आता किंमत. 'शून्य' कधीच लिहू नये. भेट असली तरी कस्टमच्या लेखी मालाला मूल्य असतं. कोऱ्या डिस्कची किंमत लिहून भागेल असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. फक्त माध्यमाची किंमत धरायची मुभा १९८४ च्या एका निर्णयाने दिली, पण ती संगणकाच्या डेटा आणि सॉफ्टवेअरसाठी. चित्रपट, ध्वनी आणि व्हिडिओ त्यातून नावानिशी वगळलेत. तयार करायला आलेला खर्च मैत्रिणीकडून लिहून घ्या आणि विक्रीसाठी नाही असं वेगळं नमूद करा.

इन्व्हॉइसवरचा एचएस कोडही बघा, म्हणजे माल कुठल्या प्रकारचा आहे ते सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. माझ्याकडे एका संस्थेचा खोका आला होता, भूगोलाच्या डीव्हीडी. पाठवणाऱ्याने वर्षानुवर्षं वापरलेल्या जुन्या नमुन्यातून ८५२४ उतरवला. पूर्वी तो रेकॉर्ड केलेल्या माध्यमांचा होता, पण २००७ मध्ये ती सगळी ८५२३ मध्ये गेली. आणि २०२२ पासून ८५२४ म्हणजे फ्लॅट पॅनेल डिस्प्ले! कागदावर डिस्प्ले आणि खोक्यात डीव्हीडी, अकरा दिवस माल पडून राहिला. त्या शिक्षकांचा रोज फोन यायचा, मला फार वाईट वाटायचं.

खडूफळा:
काका, आत्ताच बघितलं, तिनेही ८५२४ च लिहिलाय. तिला दाखल्याचंही कळवलं, ती उद्याच चौकशीला जातेय. तिने प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला देणगीदार कंपनीचं नाव दाखवलंय, त्याने काही बिघडेल का?

जुना_क्लिअरिंगवाला:
नुसतं नाव असेल तर मला धोका वाटत नाही. मालाचा मुख्य उद्देश शिकवणं आहे का, ते प्रामुख्याने बघतात. पण त्या कंपनीचं उत्पादन घ्या असं कुठे बोललं असेल, तर तेवढा भाग आधी कापायला लावा. शस्त्रक्रियेच्या व्हिडिओंचा एक संच याच कारणाने दाखल्याविना परत गेलेला मी पाहिलाय. आणि अर्जात 'गणिताचे व्हिडिओ ४२' असं मोघम लिहू नका. प्रत्येक धड्याचं नाव, किती मिनिटांचा आणि त्यात काय शिकवलंय ते एका ओळीत द्या. कागदाच्या पट्टीचं तुम्ही इथे लिहिलंत, तेच तिथे लिहा. कस्टमवाला ४२ व्हिडिओ लावून बघत नाही, तो ही यादी वाचतो.