मदत हवी आहे: रास्पबेरीच्या पानांचा काढा ‘पचवल्यावर’ फिनॉल वाढले कसे?

एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, सबमिशन तोंडावर आलंय. जाणकारांनी जरा डोकं लावा.

रास्पबेरीच्या वाळलेल्या पानांचा काढा गाळून घेतला आणि त्यातले पॉलिफिनॉल (वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट फिनॉल) पचनात किती टिकतात ते बघतेय. पद्धत इन्फोजेस्टची, म्हणजे नळीत पचनाची नक्कल करायची प्रमाणित पद्धत. तोंडाचा टप्पा २ मिनिटं, मग जठराचा, पेप्सिन घालून पीएच ३ ला २ तास, मग आतड्याचा, पॅनक्रिएटिन (स्वादुपिंडाची एन्झाइमं) आणि पित्त घालून पीएच ७ ला आणखी २ तास. सगळं ३७ अंशांवर. दर टप्प्याला नमुना दुप्पट होतो, म्हणून शेवटी आठाने गुणलंय. हा हिशेब दोनदा तपासला.

जठरापर्यंत ठीक होतं. आतड्याच्या टप्प्यानंतर फोलिनचा (फिनॉल मोजायची निळ्या रंगाची चाचणी) आकडा मूळ काढ्याच्याही वर! डीपीपीएच (जांभळं रसायन, अँटिऑक्सिडंट असतील तर त्याचा रंग उतरतो) मात्र उलटं सांगतंय, जांभळा रंग जेमतेम उतरतो. शिवाय मिथेनॉलमधलं डीपीपीएच घातलं की नमुना दुधाळ होतो. तसाच ५१७ नॅनोमीटरला वाचला. मार्गदर्शक म्हणतात, बांधलेले फिनॉल पचनाने सुटले असतील. मला पटत नाहीये.

प्रतिसाद १:
पटायला नकोच. काढा गाळलेला, त्यात पानाचा चोथाच नाही, मग इतकं सुटणार कुठून? ब्लँक (तुलनेचा कोरा नमुना) कसला घेतलात? पाण्याचा असेल तर घोळ तिथेच आहे. फोलिन फक्त फिनॉल ओळखत नाही. प्रथिनातलं टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, क जीवनसत्त्व, सगळ्यांशी त्याचं जमतं. पॅनक्रिएटिन म्हणजे प्रथिनांची पोतडी, आणि तुम्ही तिलाही आठाने गुणलंत! दुधाळपणा त्याच प्रथिनांचा. गढूळ नमुना प्रकाश अडवतो, म्हणून रंग उतरला तरी यंत्राला दिसत नाही. सेंट्रिफ्यूज करून वाचा.

आणखी एक. या पानांत एलाजिटॅनिन (टॅनिन गटातले पॉलिफिनॉल) भरपूर. आतड्याच्या पीएचला ते फुटून एलाजिक आम्ल निघतं, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे युरोलिथिन नावाचे छोटे रेणू करतात, तेही प्रत्येकाच्या पोटात सारखे नाही. तुमच्या नळीत जिवाणू नाहीत, रक्तही नाही. तेव्हा प्रबंधात ‘जैवउपलब्धता’ (शरीरात प्रत्यक्ष किती पोचलं) लिहू नका, परीक्षक तिथेच पकडतील. ‘शोषणासाठी मोकळे झालेले’ एवढंच म्हणा. जमलं तर एलाजिक आम्ल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) वेगळं मोजा.

धागाकर्ती:
ब्लँक पाण्याचाच होता. 🙈 आज काढ्याऐवजी पाणी घालून सगळे टप्पे केले. पानाचा कणही नसताना फोलिनची नळी निळीशार झाली! सेंट्रिफ्यूज केल्यावर काढ्याच्या नळीच्या तळाशी पिवळट गाळ बसलाय. हेच ते एलाजिक आम्ल का? टाकून न देता मोजायचं तर कशात विरघळवू? मिथेनॉलमध्ये अर्धवटच उतरतंय.

प्रतिसाद २:
डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक) वापरून बघा. गाळात प्रथिनाला चिकटलेलं टॅनिनही असणार, नुसत्या रंगावरून नाव देऊ नका.