तापोळा उन्हाळ्यात पाहावे की थंडीत? तातडीने मदत हवी आहे

हर्णैची_सून

नमस्कार. आम्हाला दोन-तीन दिवसांसाठी महाबळेश्वरखाली, कोयना धरणाच्या जलाशयाकाठी असलेल्या तापोळ्याला जायचे आहे. थंडीत जावे की उन्हाळ्यात, एवढाच प्रश्न आहे. जिथे वाचावे तिथे 'केव्हाही जा' असेच लिहिलेले असते आणि छायाचित्रे सगळी काठोकाठ भरलेल्या तलावाची असतात. बरोबर वयस्कर माणूस आहे. घरात पंधरा दिवस यावरच बोलणे चालू आहे आणि मला या आठवड्यात काय ते सांगायचे आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

घाटवाट

नेमके उत्तर हवे असेल तर आधी नेमकी माहिती द्यावी लागेल. नावावरून हर्णैहून निघणार असे धरतो, पण गाडी स्वतःची आहे का, किती जण आहात, वयस्कर म्हणजे किती वयाचे, त्यांना गाडी लागते का? महाबळेश्वर ते तापोळा हे अंतर जेमतेम २५-३० किलोमीटर असले तरी रस्ता सतत वळणांचा आणि उताराचा आहे. पोटात अन्न असताना मागच्या आसनावर बसलेल्या माणसाचे फार हाल होतात.

पहाटवारा

थंडी, यात शंकाच नको. मी तिन्ही ऋतूंत तापोळा पाहिले आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावरून वाफ उठते, समोरचा डोंगर अर्धा तास दिसतच नाही, आणि मग ऊन आले की धुके पाण्यालगत सरकत सरकत खोऱ्यात शिरते. पावसाळ्यात भरलेला शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, तेव्हा बऱ्यापैकी भरलेला असतो.

लोक महाबळेश्वरच्या नावाने फसतात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, तर कोयनेच्या जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी साधारण ६५९ मीटर. म्हणजे तापोळ्याला जाताना आपण महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीपर्यंत खाली उतरतो. मे महिन्यात वर शाल लागते आणि खाली दुपारी खोलीत बसवत नाही.

किल्लेदार

वासोटा किल्ला चुकवू नका. जलाशयाकाठच्या बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, तिथून होडीने पलीकडे गेल्यावर पुढची चढण दाट जंगलातून आहे. मुक्कामाला मनाई आहे आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो. सकाळी लवकर निघालात तरच अंधाराच्या आत परत याल.

हर्णैची_सून

किल्ल्यावर जायचे नाही, मी तसे विचारलेलेही नाही. आई ७६ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात, गाडीही लागते. आम्ही पाच जण, गाडी आमची. थंडीत जायचे झाले तर खोल्या आताच ठरवाव्या लागतील, म्हणून घाई आहे.

घाटवाट

मग रस्ता असा धरा : दापोली, खेड, कशेडीचा बोगदा, पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. महाबळेश्वरला एक रात्र राहा आणि सकाळी आईंना हलका नाश्ता देऊन, पुढच्या आसनावर बसवून तापोळ्याला उतरा. पेट्रोल वरच भरून घ्या. नाताळ आणि मे महिन्याचे शनिवार-रविवार टाळा, कारण महाबळेश्वरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली की तासन्‌तास जातात.

खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट चढून शिंदीला, म्हणजे कांदाटी खोऱ्यातही जाता येते. मला स्वतःला तीच वाट अधिक आवडते, वर पोहोचल्यावर एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला जलाशयाचे खोरे दिसते. पण तिथून तापोळा पाण्यापलीकडे राहते आणि सोयी फार थोड्या आहेत. आईंना घेऊन त्या वाटेने जाऊ नका.

कैरीचे_पन्हे

थंडीत गेलात तर महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी ताजी मिळेल. खरेदी परतताना करा, आंबेनळी उतरेपर्यंत करंडीतल्या तळच्या फळांना पाणी सुटते. आम्ही एकदा जाताना घेतली आणि दोन किलो फळ वाया गेले.

वाशिष्ठीकाठ

मी निवृत्त होईपर्यंत कोयना प्रकल्पावर नोकरी केली, म्हणून पाण्याबद्दल लिहितो. कोयना नदी पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी, पण धरणाचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला आणले जाते, त्यावर पोफळीला वीज तयार होते आणि ते आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरते. जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातले पश्चिमेला वळवता येणारे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलेले आहे. हे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. शिवाय उन्हाळ्यात पूर्वेकडे सिंचनासाठीही पाणी सोडावे लागते. त्यामुळे पातळी मे अखेरीस आणि पाऊस लांबला तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वांत खाली असते. १९९९ आणि २०१२ साली 'लेक टॅपिंग' करून तलावाच्या तळाजवळून पाणी घेण्याची सोय झाली, ती याच खालच्या पातळीसाठी.

ताई, एक विचारतो. आईंचे वय, गुडघे, गाडी लागणे हे सगळे पाहता थंडी बरी हे कोणीही सांगेल. मग उन्हाळ्याचा विचार तुमच्या घरात आला तरी कशावरून?

हर्णैची_सून

हे आधीच लिहायला हवे होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर त्या पाण्याखाली आहे.

धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांच्या माहेरच्यांना रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली आणि लग्न होऊन त्या हर्णैला आल्या. आमच्याकडे त्यांच्या आईची एक तांब्याची कळशी आहे. तिच्या काठाच्या खाली टिंबाटिंबांनी त्यांच्या वडिलांचे नाव आणि गावाचे नाव घातलेले आहे. घासून घासून वडिलांचे नाव बोटाला लागेनासे झाले, गावाचे अजून लागते. उन्हाळ्यात पाणी हटले की देवळाचा चौथरा उघडा पडतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले, तेव्हापासून त्यांचा उन्हाळ्याचा आग्रह आहे. माझे पती थंडीत चला म्हणतात, कारण आमची मासेमारीची बोट आहे आणि ऐन मे महिन्यात, पावसाळी मासेमारीबंदी लागण्याआधीचे शेवटचे दिवस सोडून जाणे त्यांना जड जाते. बोट १ जूनला किनाऱ्याला लागते, ती पावसाळ्यासाठी शाकारून झाली की जूनमध्ये ते मोकळे होतील.

पहाटवारा

माझे पहिले उत्तर मागे घेतो, पण जूनला माझा ठाम विरोध आहे. २०२५ साली पाऊस २५-२६ मेलाच कोकणात आणि मुंबईत पोहोचला होता. आंबेनळीत पहिल्या पावसात दगडमाती रस्त्यावर येते. ७६ वर्षांच्या बाईंना घेऊन तिथे अडकून पडू नये.

वाशिष्ठीकाठ

पातळीचाच विचार करायचा तर जूनचा पहिला आठवडा सर्वांत चांगला, हे मी पुन्हा लिहितो. पाऊस दरवर्षी इतका लवकर येत नाही.

घाटवाट

येत नाही म्हणून निघायचे आणि आला तर काय करायचे? मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीवही असतो. दुपारनंतर एकाएकी वारा सुटतो आणि त्या उघड्या पाण्यावर लहान होडी सांभाळणे कठीण जाते. जूनचा विचार सोडा. ताई, गाव कोणत्या काठावर होते ते आधी सांगा. पश्चिमेकडचा बराच भाग कोयना अभयारण्यात आणि आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे हवे तिथे उतरता येत नाही.

हर्णैची_सून

आईंना विचारले. त्या म्हणतात, सोळशी नदीच्या अंगाला, तापोळ्यापासून बरेच वरच्या बाजूला. नदीवर धुणे धुवायला पायऱ्यांनी उतरत असत, इतके त्यांना आठवते.

वाशिष्ठीकाठ

मग प्रश्न सुटला आणि माझा जूनचा आग्रहही संपला. जलाशयाचा तळ धरणाच्या बाजूला खोल आणि नद्यांच्या वरच्या टोकांना उथळ आहे. पाणी उतरते तेव्हा ही टोके आधी मोकळी होतात. वरच्या बाजूच्या गावासाठी मे अखेरपर्यंत थांबण्याची बहुधा गरज पडणार नाही. तरी प्रत्येक वर्षाचा साठा सारखा नसतो. जलसंपदा विभाग धरणसाठ्याचे आकडे रोज देतो, ते एप्रिलपासून पाहत जा आणि निघण्यापूर्वी तिथल्या होडीवाल्यांना विचारा. कागदावरच्या पातळीपेक्षा कुठला खडक उघडा पडला हे त्यांना अधिक चांगले कळते.

पहाटवारा

मेचा पहिला आठवडा, मधले वार, आणि होडी उजाडता निघणारी ठरवा. नऊ-साडेनऊला परत काठावर या. दुपारी खोलीतून बाहेर पडू नका.

कैरीचे_पन्हे

पाणी हटलेल्या जागी वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो, पाय घोट्यापर्यंत जातो. आईंना उतरवण्याआधी तरुण माणसाने काठीने चाचपून पाहावे. होडीत एक हातांची खुर्ची घ्या. नाही उतरता आले तरी खुर्चीत बसून त्यांना नीट पाहता येईल.

हर्णैची_सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पतींशी बोलणे झाले. तीन दिवस बोट तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या मुख्य खलाशाच्या, हवाली करून ते मेच्या पहिल्या आठवड्यात येणार आहेत. आज तापोळ्याच्या एका होडीवाल्यांना फोन केला आणि कळशीवरचे गावाचे नाव वाचून दाखवले. ते वयाने लहान वाटले, त्यामुळे त्यांना ते ठाऊक असेल असे वाटले नव्हते. ते म्हणाले, "पायऱ्यांपाशी ना? मेमध्ये तिथे होडी लागते."